सुदानची १९५३ ची संसदीय निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुदानच्या स्वातंत्र्याबद्दल मी अधूनमधून लिहितो, तेव्हापासून त्याच त्या प्रश्नांची पत्रे येत राहतात. काही स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांची असतात, काही पुण्यातल्या वाचकांची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या ‘सुदान ब्लॉक’ या इमारतीचे नाव ऐकून ‘हे सुदान इथे कुठून आले?’ असे त्यांना वाटते. एकेकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा सगळे एकदाच मांडतो. प्रश्न शक्यतो वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही नेमकी कोणती निवडणूक?

नोव्हेंबर १९५३ मध्ये सुदानमध्ये झालेली पहिली संसदीय निवडणूक. तेव्हाचा सुदान म्हणजे आजचा सुदान आणि दक्षिण सुदान मिळून. क्षेत्रफळाने तो आफ्रिकेतला सगळ्यांत मोठा प्रदेश होता. या निवडणुकीतून आलेल्या संसदेने जानेवारी १९५४ मध्ये इस्माईल अल-अझहरी यांना पहिले पंतप्रधान निवडले. पुढे याच संसदेने देश स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला.

२. सुदान ब्रिटिशांच्या ताब्यात होता की इजिप्तच्या? पुस्तकात दोन्ही लिहिलेले असते.

पुस्तक चुकत नाही. १८९९ च्या कराराने सुदानवर दोघांची संयुक्त सत्ता होती. ब्रिटन आणि इजिप्त, दोघांचे झेंडे शेजारी शेजारी फडकत. पण एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत. गव्हर्नर जनरल कायम ब्रिटिशच असे आणि कारभारही त्याचाच चाले. १९२४ मध्ये गव्हर्नर जनरल ली स्टॅक यांची कैरोत हत्या झाली, त्यानंतर ब्रिटिशांनी इजिप्तचे सैन्य सुदानबाहेर काढले. इजिप्तकडे उरला तो कागदावरचा हक्क.

इजिप्तने मात्र तो हक्क कधी सोडला नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये राजा फारूकला ‘इजिप्त आणि सुदानचा राजा’ घोषित करण्यात आले. जुलै १९५२ च्या लष्करी क्रांतीत राजाच गेला आणि जनरल मोहम्मद नगीब पुढे आले. नगीब यांचा जन्म सुदानच्या राजधानीतला, खार्टूमचा. सुदानी लोकांनी आपले भवितव्य आपण ठरवावे, हे मान्य करण्याची तयारी त्यांनी दाखवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुदानचा डाव ब्रिटिशांच्या हातून निसटू लागला.

३. इजिप्तला सुदान इतका का हवा होता?

नाईलसाठी. इजिप्तचे पाणी सुदानमधून येते. १९२९ च्या पाणीवाटपात इजिप्तला वर्षाला ४८ अब्ज घनमीटर आणि सुदानला फक्त ४ अब्ज घनमीटर पाणी ठरले होते. ब्रिटिशांना पाण्याइतकीच गेझिरा या सुदानमधल्या बागायती भागातल्या कापसाची ओढ होती.

४. मग निवडणूक ठरली कशी?

१२ फेब्रुवारी १९५३ ला कैरोत ब्रिटन आणि इजिप्त यांच्यात करार झाला. त्याआधी, जानेवारीत, नगीब यांनी सुदानी पक्षांशी स्वतंत्र समझोता करून घेतला होता, त्यामुळे ब्रिटिशांना मागे फिरायला जागा उरली नाही. जास्तीत जास्त तीन वर्षांचा संक्रमणकाळ ठरला. त्या काळात संसद आणि सुदानी मंत्रिमंडळ काम करणार, सरकारी नोकऱ्या सुदानी माणसांच्या हाती येणार, आणि शेवटी इजिप्तशी जोडून घ्यायचे की पूर्ण स्वतंत्र व्हायचे, हे देश ठरवणार.

दोन्ही सत्तांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून प्रत्येक कामावर एकेक आयोग बसला. गव्हर्नर जनरलच्या अधिकारांवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद पाकिस्तानी सदस्याकडे गेले, निवडणूक आयोगाचे भारतीय सदस्याकडे. फाळणीला सहा वर्षेही झाली नव्हती, आणि खार्टूममध्ये मात्र दोन्ही देशांकडे तटस्थ पंच म्हणून पाहिले जात होते. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

५. भारतीय अध्यक्ष म्हणजे सुकुमार सेन का? त्यांनाच का बोलावले?

हो, तेच. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. आयोगात सात जण होते: तीन सुदानी, आणि ब्रिटन, इजिप्त, अमेरिका व भारत यांचा प्रत्येकी एक. अध्यक्ष सेन.

कारण सरळ होते. भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले होते. मतदाराने चिन्ह ओळखायचे आणि त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. निरक्षर माणूस मत देऊ शकतो का, हा प्रश्न तेव्हा जगभर गंभीरपणे विचारला जात होता. त्याचे उत्तर प्रत्यक्ष करून दाखवलेला माणूस म्हणजे सेन. शिवाय भारताचे ब्रिटनशीही नाते होते आणि इजिप्तशीही.

सुदानमध्ये अडचणी आणखी वाढल्या होत्या. देशाची पहिली जनगणना झाली १९५५-५६ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या नंतर. किती माणसे कुठे राहतात याची मोजदाद नसताना मतदारसंघ आखायचे होते. उत्तरेला वाळवंट, दक्षिणेला नाईलची दलदल, आणि गुरांमागे वर्षभर फिरणाऱ्या टोळ्या. पावसात दक्षिणेतले रस्ते बंद होत. मतदान नोव्हेंबरमध्ये, पाऊस सरल्यावर झाले, ते सोयीचेच ठरले.

सेन यांना १९५४ मध्ये पद्मभूषण मिळाले. एवढ्या मोठ्या कामाच्या मानाने त्यांचे नाव आपल्याकडे फारच कमी घेतले जाते.

६. मत कोणाला होते? बायकांना होते का?

२१ वर्षांवरील पुरुषांना. सर्वसाधारण मतदारसंघांत बायकांना मत नव्हते. अपवाद एकच: माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या स्त्रिया पदवीधर मतदारसंघात (प्रश्न ८) मत देऊ शकत होत्या. अशा स्त्रिया तेव्हा अगदी मोजक्या होत्या, कारण मुलींच्या माध्यमिक शाळाच नावापुरत्या होत्या. तरीही सुदानी स्त्रियांनी संसदेसाठी पहिले मत याच वाटेने दिले. पुढे काय झाले ते प्रश्न १७ मध्ये आहे.

७. प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष निवडणूक? दोन्ही लिहिलेले सापडते.

दोन्ही खरे. प्रतिनिधिगृहात ९७ जागा होत्या. त्यांपैकी ३५ प्रत्यक्ष मतदानाने, ५७ अप्रत्यक्ष पद्धतीने आणि ५ पदवीधर मतदारसंघातून भरायच्या होत्या. मूळ मसुद्यात प्रत्यक्ष जागा फक्त २४ होत्या. सेन यांच्या आयोगाने त्या ३५ केल्या, आणि पदवीधरांच्या ३ जागांच्या ५ केल्या.

अप्रत्यक्ष म्हणजे काय? गावाने किंवा टोळीने आधी आपले निवडक प्रतिनिधी पाठवायचे, आणि त्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन खासदार निवडायचा. शहरे आणि नदीकाठच्या वस्त्या सोडल्या, तर बहुतेक देशात हीच पद्धत होती. तिचा दोष उघड आहे. टोळीत शेखचा शब्द खाली पडत नाही, त्यामुळे मत कुणाचे आणि शब्द कुणाचा, हे वेगळे काढता येत नाही. ज्यांना शेख आपल्या बाजूचे वाटत, त्यांना ही पद्धत हवी होती. शहरी राष्ट्रवाद्यांना ती नको होती. आयोगाने २४ चे ३५ केले यामागे हीच ओढाताण होती.

वरिष्ठ सभागृह, म्हणजे सिनेट, ५० जणांचे होते. ३० निवडलेले आणि २० गव्हर्नर जनरलने नेमलेले.

८. पदवीधर मतदारसंघ? आपल्या विधान परिषदेसारखा?

कल्पना तीच, पण ‘पदवीधर’ शब्दाने फसू नका. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवायला पदवी लागते. तिथे माध्यमिक शिक्षण पूर्ण झाले की माणूस पदवीधर. त्या काळच्या सुदानमध्ये तेवढा शिकलेला माणूसही विरळाच.

या शब्दामागे एक इतिहास आहे. खार्टूमच्या गॉर्डन कॉलेजातून आणि शाळांतून बाहेर पडलेल्या कारकून-शिक्षकांनी १९३८ मध्ये ‘पदवीधरांची सर्वसाधारण काँग्रेस’ स्थापन केली. ‘काँग्रेस’ हे नाव त्यांनी आपल्या इंडियन नॅशनल काँग्रेसकडे पाहून घेतले. गणिताचे शिक्षक असलेले अझहरी याच संघटनेतून वर आले. म्हणजे सेन सुदानला पोहोचण्याच्या पंधरा वर्षे आधीच भारताचा एक शब्द तिथे रुजला होता.

९. पक्ष कोणते होते? कोण कोणाच्या बाजूने?

दोन मोठे. राष्ट्रीय एकतावादी पक्ष (नॅशनल युनियनिस्ट पार्टी) १९५२ मध्ये कैरोत अनेक छोटे गट एकत्र येऊन झाला. नेते अझहरी. मागे खत्मिया या सूफी पंथाचे प्रमुख सय्यद अली अल-मिरघनी यांची ताकद. त्यांचा सूर नाईल खोऱ्याच्या एकतेचा, म्हणजे इजिप्तशी कसला तरी दुवा ठेवण्याचा.

दुसरा उम्मा पक्ष. त्याचे आश्रयदाते सय्यद अब्द अल-रहमान अल-महदी. १८८५ मध्ये खार्टूम जिंकून स्वतःचे राज्य उभे करणाऱ्या धर्मनेत्याचे, महदींचे, हे चिरंजीव. त्यांच्या अनुयायांना अन्सार म्हणतात. घोषणा ‘सुदान सुदानींचा’. इजिप्तचा वारा नको म्हणून ब्रिटिशांचा ओढा यांच्याकडे होता, आणि तोच शिक्का उम्माला निवडणुकीत भोवला.

यांशिवाय टोळीप्रमुखांचा सोशलिस्ट रिपब्लिकन पक्ष, दक्षिणेचा स्वतःचा पक्ष (प्रश्न १४), आणि साम्यवाद्यांची छोटी साम्राज्यवादविरोधी आघाडी.

१०. निकाल काय लागला?

९७ पैकी राष्ट्रीय एकतावादी ५१, उम्मा २२, दक्षिणेचा पक्ष ९, सोशलिस्ट रिपब्लिकन ३, साम्राज्यवादविरोधी आघाडी १, बाकीचे अपक्ष. उम्मा पहिला येईल अशी आशा बाळगून बसलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना हा मोठा धक्का होता. अपक्षांमध्ये पदवीधर मतदारसंघातून आलेले मोहम्मद अहमद महजूब होते. हे नाव लक्षात ठेवा, प्रश्न १३ मध्ये ते पुन्हा येईल.

११. इजिप्तने पैसा वाटला म्हणतात. मग निवडणूक निष्पक्ष कशी?

इजिप्तने प्रचारात पैसा आणि माणसे ओतली, ही तक्रार ब्रिटिशांनी आणि उम्माने तेव्हाच केली होती, आणि ती निराधार नव्हती. इजिप्तचे मंत्री मेजर सलाह सालेम दक्षिणेत गेले आणि तिथल्या लोकांबरोबर नाचले. त्यांची ती छायाचित्रे जगभर छापून आली. उलट बाजूने, जिल्ह्याजिल्ह्यांत बसलेले ब्रिटिश अधिकारी तटस्थ नव्हते, ही इजिप्तची तक्रार होती. तीही निराधार नव्हती.

माझे मत असे: प्रचारावर बाहेरच्यांची सावली होती. मतदान आणि मोजणी मात्र आयोगाने नीट पार पाडली, आणि हरलेल्यांनीही निकाल स्वीकारून संसदेत विरोधी बाकांवर बसणे पसंत केले. नुसत्या पैशाने ५१ जागा आल्या, असे म्हणणाऱ्याने पुढचे उत्तर वाचावे.

१२. इजिप्तशी एकीची भाषा करणारा पक्ष जिंकला, मग देश स्वतंत्र कसा झाला? मला हेच कळत नाही.

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

पहिली गोष्ट, ‘एकी’ला मत देणाऱ्या बहुतेकांना इजिप्तचे राज्य नको होते. ब्रिटिश जायला हवे होते. पन्नास वर्षे डोक्यावर बसलेला ब्रिटिश अधिकारी घालवायचा, तर त्याच्याशी भांडणारा इजिप्त हा सोयीचा मित्र होता. शिवाय उम्मा सत्तेवर आला तर महदी घराण्याचे राज्य परत येईल, ही भीती खत्मिया पंथात खोल रुजलेली होती. इजिप्तचे नाव त्या भीतीवर उतारा होते.

दुसरी गोष्ट, १ मार्च १९५४. त्या दिवशी खार्टूममध्ये संसदेचे औपचारिक उद्घाटन होते आणि नगीब पाहुणे म्हणून विमानाने आले. अन्सार गावागावांतून हजारोंनी राजधानीत जमले होते. आपण किती आहोत, हे त्यांना पाहुण्याला दाखवायचे होते. पाहुण्यांना विमानतळावरून दुसऱ्याच रस्त्याने नेले गेले. जमाव राजवाड्याकडे वळला, पोलिसांशी चकमक उडाली आणि ब्रिटिश पोलिस कमांडंटसह बरीच माणसे ठार झाली. उद्घाटन पुढे ढकलावे लागले. इजिप्तशी जोडून घेण्याची किंमत काय असेल, हे अझहरींना त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसले.

तिसरी, नोव्हेंबर १९५४ मध्ये गमाल अब्देल नासर यांनी नगीब यांना पूर्ण बाजूला केले. सुदानला आपला वाटणारा एकमेव इजिप्शियन नेता गेला. नाईलच्या पाण्यावरची बोलणीही अडली (प्रश्न ३).

आणि चौथी, माझ्या मते निर्णायक: ब्रिटिश अधिकारी एकेक करून निघून जात होते. ते गेल्यावर इजिप्तची गरजच उरली नाही. १९५५ उजाडेपर्यंत अझहरी उघडपणे पूर्ण स्वातंत्र्याची भाषा बोलू लागले. मतदाराने त्यांना ज्यासाठी निवडले होते ते त्यांनी केले, असे मी म्हणेन. फक्त जाहीरनाम्यावरचा शब्द वेगळा होता.

१३. करारात देशाचा कौल घ्यायचे ठरले होते ना? तो घेतला का?

नाही. आधी घटनासभा निवडायची होती. मग ऑगस्ट १९५५ मध्ये संसदेने सार्वमताची मागणी केली. पण तोवर जवळजवळ सगळे पक्ष स्वातंत्र्याच्या बाजूला आले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन्ही सय्यदही (मिरघनी आणि महदी) भेटले. मग सरळ संसदेतच प्रश्न सोडवायचे ठरले.

१९ डिसेंबर १९५५ ला उम्माचे दार्फुरमधले सदस्य अब्द अल-रहमान दबका यांनी सुदान स्वतंत्र झाल्याचा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. करारात नसलेली वाट होती, पण ब्रिटन आणि इजिप्त दोघांनी ती मान्य केली. १ जानेवारी १९५६ ला खार्टूमच्या राजवाड्यावरून दोन झेंडे उतरले आणि निळा, पिवळा, हिरवा असा तीन पट्ट्यांचा नवा झेंडा चढला: नाईल, वाळवंट आणि शेती. दोरी पंतप्रधान अझहरी आणि विरोधी पक्षनेते महजूब यांनी मिळून ओढली.

१४. दक्षिण सुदानचे काय? त्यांना विचारले होते का?

मत विचारले, म्हणणे ऐकले नाही. ९७ पैकी २२ जागा दक्षिणेच्या होत्या. कैरोतल्या जानेवारी १९५३ च्या बोलण्यांत दक्षिणेचे कोणी नव्हते. प्रचारात मात्र तिथे भरघोस आश्वासने वाटली गेली, नोकऱ्यांची सुद्धा. प्रत्यक्षात ब्रिटिशांच्या जागी सुमारे ८०० पदे भरली गेली, तेव्हा दक्षिणेच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. उत्तरेचे अधिकारी येऊन बसले. दक्षिणेच्या नजरेत फक्त साहेब बदलला.

ऑगस्ट १९५५ मध्ये तोरित इथे दक्षिणेच्या सैनिकांनी बंड केले. डिसेंबरच्या ठरावाला दक्षिणेच्या सदस्यांनी पाठिंबा द्यावा म्हणून संघराज्याच्या मागणीचा ‘पूर्ण विचार’ करू, असे संसदेने सांगितले. त्या भरवशावर त्यांनी होकार दिला. संघराज्य आले नाही. युद्ध आले. ते १९७२ पर्यंत चालले, १९८३ मध्ये पुन्हा पेटले, आणि ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान वेगळा देश झाला. सेन यांच्या आयोगाने मते चोख मोजली याचा मला अभिमान आहे. पण या २२ जागांची गोष्ट वगळून त्या निवडणुकीचे कौतुक करणे मला जमत नाही.

१५. खडकवासल्याचा ‘सुदान ब्लॉक’ सेन यांच्या कामाबद्दल मिळालेली भेट आहे ना?

नाही. ही गल्लत फार पसरली आहे. ती देणगी १९४१ ची, निवडणुकीच्या बारा वर्षे आधीची. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजांनी सुदानच्या पूर्व सीमेवरचे कसाला घेतले. तिथून त्यांना हटवून एरिट्रियातल्या केरेनपर्यंत मागे रेटण्यात भारताच्या दोन डिव्हिजन आघाडीवर होत्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. त्या भारतीय जवानांच्या स्मारकासाठी सुदान सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले सत्तर हजार आले आणि ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला लागले. इमारतीचे उद्घाटन १९५९ मध्ये सुदानच्या राजदूतांच्या हस्ते झाले. देणगी देणारे सरकार ब्रिटिशांचे होते, कोनशिलेपाशी उभा राहिलेला राजदूत मात्र स्वतंत्र सुदानचा होता.

१६. नेहरूंच्या रुमालाची गोष्ट खरी का? आणि ही आफ्रिकेतली अशी पहिलीच निवडणूक होती का?

इंडोनेशियात बांडुंगला एप्रिल १९५५ मध्ये भरलेल्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेला सुदान आला तेव्हा तो अजून स्वतंत्र नव्हता आणि त्याला झेंडाही नव्हता. नेहरूंनी आपल्या पांढऱ्या रुमालावर ‘सुदान’ लिहून जागा धरून ठेवली, अशी आठवण भारत आणि सुदानचे मुत्सद्दी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. तिला आठवण म्हणूनच वाचा, परीक्षेच्या उत्तरात पुरावा म्हणून लिहू नका.

दुसऱ्याचे उत्तर: नाही. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, फेब्रुवारी १९५१ ला निवडणूक झाली आणि क्वामे एन्क्रुमा तुरुंगात असतानाच जिंकून आले. घाना स्वतंत्र झाला १९५७ मध्ये, सुदाननंतर. दोन्ही तारखांची गफलत होते ती इथेच.

१७. या संसदेचे पुढे काय झाले?

अझहरी १९५६ च्या जुलैपर्यंत पंतप्रधान राहिले. मग पक्ष फुटला आणि उम्माचे अब्दल्ला खलील आले. दुसरी निवडणूक फेब्रुवारी-मार्च १९५८ मध्ये झाली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला जनरल इब्राहिम अब्बूद यांनी सत्ता घेतली आणि संसद बंद पडली.

ऑक्टोबर १९६४ मध्ये खार्टूमच्या विद्यार्थ्यांनी, वकिलांनी, डॉक्टरांनी आणि रेल्वे कामगारांनी रस्त्यावर येऊन लष्करी राजवट पाडली. त्यानंतर सगळ्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. १९६५ च्या निवडणुकीत फातिमा अहमद इब्राहिम सुदानच्या पहिल्या महिला खासदार झाल्या. त्या निवडून आल्या पदवीधर मतदारसंघातूनच, जिथे १९५३ मध्ये मोजक्या शिकलेल्या बायका पहिल्यांदा मत द्यायला गेल्या होत्या.